माइकची पाठ कुणाकडे?

येवल्यात टेबलावरचा माइक घेताना आधी रंग बघतात, मग दिवा लागतो का ते. पैठणीच्या दुकानात संगणकाला बोलून बिल लिहायला लावायचं, तर मागच्या खोलीत हातमागाची खटखट, दारात रिक्षा आणि संक्रांतीला गच्चीगच्चीवर स्पीकर. कंडेन्सर माइक इमानी, बारीकसारीक आवाजही ऐकतो. त्यातला कार्डिऑइड पद्धतीचा माइक पुढचं ऐकतो, पाठीमागचं बरंचसं टाळतो. म्हणजे त्याची पाठ मागाकडे हवी. इथे ती शेठकडे असते. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, पण शेठ गादीवर रेलूनच बोलणार. खरं तर तोंडाशी माइक येणारा साधा हेडसेटच बरा. पण तो टोपीवर बसत नाही, आणि इतकी स्वस्त वस्तू गिऱ्हाइकासमोर मिरवायची कशी?