ग्राउसची झोपमोड

इंग्लंडात डर्बीशायरमध्ये किंडर स्काउट नावाचा उंच माळ आहे. मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी तिथं फिरावंसं वाटे. पण माळावर ग्राउस पक्षी राहत, आणि माणसाच्या पावलांनी ते बिचकतात याची मालकांना फार काळजी. या काळजीची मुदत 12 ऑगस्टपर्यंत. त्या दिवशी शिकारीचा हंगाम उघडला की हेच मालक पाहुण्यांसह बंदुका घेऊन पक्ष्यांच्या भेटीला जात. बंदुकीच्या बाराने पक्षी बिचकत नसावेत.

अशा जमिनींवर पाटी ठरलेली: ‘घुसखोरांवर खटला भरला जाईल’. पाटी चक्क थाप मारत होती. दुसऱ्याच्या रानात नुसतं पाऊल टाकणं हा तिथं फौजदारी गुन्हाच नव्हता. फार तर दिवाणी दावा. तेवढ्यासाठी कोर्टात कोण जातो? म्हणून कायद्याचं उरलेलं काम राखणदाराच्या सोट्याकडे.

24 एप्रिल 1932 रोजी शेकडो जण एकदमच माळ चढले. सोटे निघाले, झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद. घुसखोरीबद्दल नव्हे हं, ती कुठल्या कलमात बसेना! दंगल, मारहाण अशी दणकट कलमं शोधावी लागली.

मोकळ्या माळांवर फिरण्याचा हक्क देणारा कायदा 2000 साली आला. 2002 मध्ये, म्हणजे अवघ्या 70 वर्षांत, डेव्हनशायरच्या ड्यूकनी, माळाच्या तेव्हाच्या मालकांपैकी असलेल्या आपल्या आजोबांच्या वतीनं, जाहीर माफीही मागितली. फिरायला आलेल्यांची. ग्राउसची नाही.