आधी ट्रक, मग आपण

अलास्कातला माणूस किती फिरलेला आहे हे त्याला विचारू नये, त्याच्या गाडीची समोरची काच बघावी. फेअरबँक्सला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भेग आहे. ती तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. "ताई, ही डाल्टनची!"

डाल्टन हायवे हे सरकारी नाव. मुळात तो १९७४ साली उत्तरेच्या तेलक्षेत्राकडे पाइप आणि यंत्रं पोचवायला घाईघाईने केलेला मालवाहतुकीचा रस्ता. लांबी ६६६ किलोमीटर, त्यातला बराचसा खडीचा. तुमच्याआमच्यासारख्यांना शेवटपर्यंत गाडी न्यायची मुभा मिळाली ती १९९४ मध्ये. पण ही बातमी ट्रकवाल्यांना अजून कुणी कळवलेली दिसत नाही. बहुतेक भाड्याच्या गाड्यांच्या करारात हा रस्ता वर्ज्य असतो, म्हणून मेव्हण्याचीच गाडी.

दगडाचं गणित त्याने निघण्याआधी चहावर समजावलं. ट्रकच्या जोडटायरांमध्ये दगड अडकतो, चाकाबरोबर गरगरतो आणि मनाला येईल तेव्हा सुटतो. बाकीचे नुसतेच टायरखालून उडतात. वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. समोरचा ८० ने येतोय, आपणही ८० ने जातोय. म्हणजे दगडाच्या बाजूने पाहिलं तर आपणच १६० ने त्याच्या अंगावर धावून जातो. मग तक्रार कुणी करायची?

उपाय एकच: शरणागती. हेडलाइट भरदिवसाही चालू. लांबवर धुळीचा लोट दिसला की वेग उतरवायचा, उजवीकडे सरायचं, ट्रक जाईस्तोवर जवळजवळ थांबायचं. फार कडेलाही जायचं नाही, कारण कडा भुसभुशीत आणि खाली उतार. ट्रकच्या मागे चिकटून जायचं तर नावच काढू नका. धूळ आणि खडी दोन्ही फुकट मिळतात. डोंबिवलीत रिक्षाला कधी पुढे जाऊ न दिलेला हा गृहस्थ इथे प्रत्येक ट्रकपुढे नव्या जावयासारखा अदबीने बाजूला होत होता.

"अरे, सारखा थांबतोस काय? रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?" हिने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"हो, ताई."

काचेला आतून तळहात लावून धरला तर तडा जात नाही, असं हिला कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे ट्रक आला की हिचा हात काचेवर. काचेला त्याने किती धीर येतो माहीत नाही, हिला येत होता.

एवढं करूनही वाटेतल्या कोल्डफूट या थांब्याच्या अलीकडे 'टक्क' झालंच. हिच्याच समोर, शेंगदाण्याएवढा टवका. काचेचे दोन थर असतात, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. फुटला होता तो फक्त बाहेरचा थर. मेव्हणा शांतपणे म्हणाला, "आता हीटरचा गरम झोत काचेवर सोडायचा नाही, भेग धावते. आणि टवक्यात धूळ जाऊ द्यायची नाही, नाहीतर दुरुस्तीवाल्याचा डिंक नीट धरत नाही. चिकटपट्टी दे."

चिकटपट्टी फेअरबँक्सला, फ्रिजवर. हिने पर्स उघडली, मोठ्या मापाची मरून टिकली काढली आणि उतरून टवक्यावर दाबून बसवली.

कोल्डफूटला पेट्रोल भरताना एक दाढीवाला ट्रकवाला बराच वेळ ती टिकली न्याहाळत उभा होता. शेवटी त्याने विचारलं, ही कुठल्या दुकानात मिळते? हिने अख्खं पाकीट त्याच्या हातावर ठेवलं आणि वर बजावलं, "आणि जरा हळू चालवत जा!" मराठीत.