नसत्या उठाठेवीचा गौरव

नवा लॅपटॉप आला की घरात दोन तट पडतात. शहाणी माणसं दुकानदाराने जे 'टाकून दिलं' आहे तेवढंच वापरतात. कीबोर्डवर सिलिकॉनचं आवरण चढवतात आणि अनोळखी बटणाला हात लावत नाहीत. दुसरा तट उठाठेव्यांचा. कामाचं एक अक्षर टाइप करण्याआधी ही माणसं अख्खी संध्याकाळ सेटिंग्जमध्ये घालवतात. प्रत्येक मेनू उघडतात, दोन-तीन बटणं एकदम दाबून काय होतं ते बघतात आणि 'बिघडवून ठेवशील एक दिवस' हे घरच्यांकडून ऐकून घेतात. त्यांना खुळं म्हणण्याची पद्धत आहे. या खुळेपणाचा मला मनापासून आदर वाटतो आणि त्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

विंडोज-की आणि व्ही ही दोन बटणं एकत्र दाबली की तुम्ही आधी कॉपी केलेल्या पंचवीसपर्यंत गोष्टींची यादी समोर येते. ही सोय २०१८ पासून विंडोजमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. एकदा दाबून 'चालू कर' असं सांगावं लागतं. हे ठाऊक नसलेला माणूस एका फाइलमधून एक ओळ उचलतो, दुसरीत टाकतो, परत पहिलीत येतो. कचेऱ्यांमधून दिवसभर हीच ये-जा चालते. काम बिनतक्रार पार पडतं, म्हणून शोधण्याची गरज कोणाला भासत नाही. ही यादी सापडते ती काही कारण नसताना बटणं दाबणाऱ्याला. स्क्रीन गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबून बघावी. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. सरळमार्गी माणसाच्या बोटांना हा जुडगा कधी सुचेल?

मराठी माणसाने ही उठाठेव करावी याला तर खास कारण आहे. देवनागरीत लिहिण्याची सोय विंडोज २००० पासून यंत्रातच आहे. तिच्यातला इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्याहून जुना. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये प्रमाणित केला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची नेटकी मांडणी आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ शिफ्ट धरून जे दाबलं की येतो. ज्यांना इनस्क्रिप्ट जमत नाही त्यांच्यासाठी २०१९ मध्ये उच्चारानुसार टाइप करण्याचा मराठी कीबोर्डही विंडोजमध्ये आला. यासाठी विकत काही घ्यायचं नाही, कुठून उतरवून घ्यायचं नाही. सेटिंग्जमध्ये भाषा या सदरात जाऊन मराठी जोडली की झालं. पुढे विंडोज-की आणि स्पेसबार दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल करायची. तरीही हजारो रुपयांचा नवा लॅपटॉप घेऊन माणसं त्यात कोणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आणलेला जुना फाँट घालतात. त्या फाँटात लिहिलेली पत्रिका किंवा अहवाल तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो आणि गूगलवर त्यातला एक शब्दही सापडत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं. एक संध्याकाळ फुकट घालवली असती तर हे सगळं लिखाण वाचलं असतं.

निरुपयोगी शोधांचीही मी बाजू घेतो. आजच्या विंडोजमध्ये 'कॉन' या इंग्रजी तीन अक्षरांचं नाव फोल्डरला देऊन बघा. यंत्र नकार देईल. डॉसच्या काळात हे नाव कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी राखून ठेवलेलं होतं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती राखण अजून सुटलेली नाही. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम जोडण्याच्या दिवसांतला फोन डायलरही आत कुठेतरी बसून आहे. यातून काम काहीच होत नाही. पण जुन्या वाड्याची डागडुजी करत, खोल्या वाढवत आजची इमारत उभी राहिली आहे हे त्यातून कळतं आणि यंत्राचा धाक कमी होतो.

धाक कमी होणं ही फार मोठी मिळकत आहे, कारण चोर याच धाकावर जगतात. मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय असं सांगणारा फोन येतो. तो इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतो, त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवतो आणि तुमच्या यंत्रात व्हायरस शिरल्याचं सांगतो. मग दूरवरून ताबा मिळवणारं ॲप टाकायला लावून खात्यापर्यंत पोचतो. आता, उठाठेव्याने ही खिडकी पहिल्याच आठवड्यात उघडून पाहिलेली असते. ठणठणीत यंत्रातही तिथे रोज चुकांच्या नोंदी पडतात हे त्याला माहीत असतं. तो फोन ठेवून देतो.

अलीकडे दुसरी एक युक्ती निघाली आहे. तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा म्हणून एक पान उघडतं. विंडोज-की आणि आर दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा, असं ते सांगतं. या तीन पायऱ्यांत तुम्ही चोराचा हुकूम स्वतःच्या हाताने चालवलेला असतो. यात फसतो तो सांगितलेलं निमूट करणारा. विंडोज-की आणि आर म्हणजे यंत्राला थेट हुकूम देण्याची चौकट आहे हे ज्याने आधी स्वतः करून पाहिलंय, तो तिथे परक्याचा मजकूर चिकटवणार नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

बॅटरीचीही चौकशी पहिल्याच दिवशी करावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी हा शब्द, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत लिहून एंटर दाबलं की एक अहवाल तयार होतो. बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर ती किती धरते, हे दोन्ही आकडे त्यात शेजारी-शेजारी मिळतात. नव्याकोऱ्या यंत्रात या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकान गाठायचं. बारा महिन्यांनी हा अहवाल काढणाऱ्याच्या हाती फक्त माहिती उरते.

एका ठिकाणी मात्र उठाठेव्यानेही आधी कागद-पेन घ्यावं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायोसमध्ये काही बदल केला किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती त्या खात्यातच जपलेली असते. पण खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल आणि तुम्हाला ते माहीतही नसेल, तर फोटो, हिशेब, प्रबंध, सगळं त्या कुलपाआड राहतं. खातं स्वतःच्या नावावर आहे याची खात्री करावी, ते ४८ आकडे वहीत उतरवावेत आणि कपाटात ठेवावेत. मग खुशाल बायोसमध्ये शिरावं.

तेव्हा तुमच्या घरात कोणी नव्या लॅपटॉपसमोर रात्री उशिरापर्यंत बसून काही कारण नसताना बटणं दाबत असेल, तर त्याला उठवू नका. रिकव्हरी की लिहून घेतलीस का, एवढंच विचारा आणि जमलं तर शेजारी खुर्ची ओढून बसा.