ओहोटीचा पाहुणा

आंजर्ल्याच्या होमस्टेत बॅग टेकवायच्या आधीच जो "ओहोटी किती वाजता?" विचारतो, तो पक्षीनिरीक्षक. बाकीचे पाहुणे सुरमई आहे का विचारतात.

अंगात चिखलाच्या रंगाचा शर्ट, गळ्यात दुर्बीण. ती आंघोळीपुरतीच उतरते. हा मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधतो, तर रेंज नसते. होमस्टेच्या काकू नारळ खवता खवता सांगतात, "आज चतुर्थी ना? तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा. तीनला पूर्ण भरती. म्हणजे नऊला ओहोटी." हा वहीत लिहून घेतो.

ओहोटीला जोग नदीच्या मुखाशी चिखल उघडा पडतो, तेव्हाच चिखल्या, तुतवार, कोरल किडे-खेकडे टिपायला उतरतात. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, आणि तिच्यामागून कुटुंबाचा नाश्ताही. नऊची घावनं चौथ्या दिवशी साडेअकराला.

बगळा दाखवलात तर "हं" म्हणेल. खंड्या दाखवलात तर तेही नाही. त्याचा जीव शेदोनशे पावलांवरच्या एका मातकट ठिपक्यात. तो वाळूतला चिखल्या लहान की मोठा? फरक चोचीच्या नि पायांच्या लांबीचा, आणि हिवाळ्यात दोघांचेही रंग उडालेले. बायको दुर्बिणीतून बघून म्हणते, "दोन्ही सारखेच तर दिसतायत."

"तेच तर!" तो आनंदानं ओरडतो. ठिपका उडून जातो. दोष बायकोचा.

त्यातून 2023 साली ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळानं या लहान चिखल्याच्याही दोन जाती केल्या. तेव्हापासून हा जुने फोटो उकरतोय, घरबसल्या यादीत एखादा पक्षी वाढला तर वाढला.

कड्यावरच्या गणपतीला तो उत्साहानं जातो, पण देवाकडे पाठ करून उभा राहतो. तिथून खाडी दिसते, आणि खाडीवर समुद्री गरुड येण्याची शक्यता असते. नमस्कार घरचे त्याच्याही वाटचा करतात.

मात्र रात्री त्याला ईबर्डवरची दिवसाची यादी पूर्ण करायची असते, आणि पूर्ण यादीत दिवसभर तुच्छ लेखलेले सगळेच लागतात. मग ताटावर बसून चौकशी सुरू होते: बगळे किती होते, साळुंक्या किती, घारी किती? मुलगी सहा कावळे सांगते.

"आणि दोन मागच्या पडवीत," सासूबाई भर घालतात. "माझी सुकट उचलून नेली मेल्यांनी."

याचा घास हातातच राहतो. "गावकावळे की डोमकावळे?"