घर पाहावं चालवून

अमेरिकेच्या आयकर खात्यानं घराची व्याख्या फार सुटसुटीत करून ठेवली आहे. झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि संडास, एवढं असलं की झालं घर. मग ते जमिनीवर उभं असो, पाण्यावर तरंगत असो की हायवेवर पळत असो. त्यामुळे कर्ज काढून मोटरहोम घेतलं तर ते 'दुसरं घर' म्हणून दाखवता येतं आणि व्याजाची वजावट मागता येते. निवृत्तीला थोडे महिने उरलेल्या माणसाला 'वजावट' ऐकून जो आनंद होतो, तो नातवंडांच्या फोटोनंही होत नाही. मी धावत स्वयंपाकघरात जाऊन ही बातमी बायकोला दिली. तिनं गॅस बारीक केला, जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आमचं गिरगावातलं घर हे घर नव्हतंच म्हणा की. संडास गॅलरीच्या टोकाला होता."

हिचं बालपण गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत, सात माणसांत गेलं. माझं गेलं वाईच्या वाड्यात. तिथे जागा इतकी ऐसपैस होती की आजोबांची हरवलेली वस्तू नातवाला सापडायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मोटरहोमच्या बाजारात आमच्या दोघांपैकी कुणाचं शिक्षण कामी आलं, ते पुढे येणारच आहे.

या वयात हे खूळ का, असं तुम्ही विचाराल. न्यू जर्सीत आमची सगळी नोकरी झाली आणि त्या नोकरीतल्या सुट्ट्या भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा दाखवण्यात संपल्या. आता आम्हाला बघून नायगाऱ्यालाच कंटाळा येत असेल. यलोस्टोन पार्क १८७२ पासून उघडं आहे, सवड आम्हालाच झाली नाही. त्यात इथे ६२ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला, अगदी ग्रीनकार्डवाल्यालाही, ८० डॉलरांत सगळ्या नॅशनल पार्कांचा जन्मभराचा पास मिळतो. बासष्टीनंतर 'जन्मभर' देऊ करण्यात सरकारचा हिशेब पक्का आहे, पण पास आम्ही घेतला. घेतला म्हणजे वसूल करणं आलं. तेव्हा ८० डॉलर वसूल करण्यासाठी आम्ही लाख-दीड लाख डॉलरांची गाडी बघायला निघालो.

मोटरहोमचे इथे तीन वर्ग आहेत: ए, बी आणि सी. ए म्हणजे अख्खी बस, अगदी ४५ फुटांपर्यंत. बी म्हणजे कुरिअरवाल्याची व्हॅन असते तेवढ्या व्हॅनमध्ये बसवलेला संसार. सी म्हणजे पुढे ट्रकचं तोंड, मागे खोली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग. आकारानं ए सगळ्यात मोठी, मग सी आणि शेवटी बी. हा क्रम असा का, हे विचारलं की सेल्समन हसतो आणि हसून झालं की किंमत सांगतो. नव्या बी वर्गातली गाडी दीड लाख डॉलरांच्या वर सहज जाते. ए वर्गातल्या डिझेलच्या बशी पार दहा लाखांच्या पुढे पोचतात. किमती ऐकल्यावर मी मराठी माणसाचा हक्काचा प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?" ए वर्गाची मोठी गाडी गॅलनला सात-आठ मैल देते, असं कळलं. म्हणजे लिटरला साधारण तीन किलोमीटर. "ही गाडी घेणारे हा प्रश्न विचारत नाहीत," सेल्समन प्रेमानं म्हणाला. "विचारणारे घेत नाहीत, असं म्हणायचं असेल त्याला," ही मराठीत म्हणाली.

दर सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात मोटरहोमचं मोठं प्रदर्शन भरतं. हर्शी म्हणजे चॉकलेटवाल्यांचं गाव. रस्त्याचं नाव चॉकलेट ॲव्हेन्यू आणि त्यावरचे दिवेसुद्धा चॉकलेटच्या आकाराचे. मैदानात शेकडो गाड्या उभ्या, दारं सताड उघडी आणि आत-बाहेर करणारी सगळी आमच्याच वयाची माणसं, गुडघे सांभाळत पायऱ्या चढणारी. गाडी बघायची पद्धतही ठरलेली. पलंगावर आडवं व्हायचं, शॉवरमध्ये उभं राहून कोरड्या डोक्यावर शाम्पू चोळल्यासारखं करायचं आणि मग कमोडवर बसून दार लागतं का ते पाहायचं. अंगावर पूर्ण कपडे, डोक्यावर टोपी, हातात लेमोनेडचा ग्लास आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचं गांभीर्य अशी कमोडवर विराजमान झालेली प्रतिष्ठित माणसं इतक्या संख्येनं एकत्र दुसरीकडे कुठे दिसणार नाहीत. गुडघे दाराला टेकले की माणूस उठतो, मान हलवतो आणि शेजारच्या गाडीत जाऊन बसतो.

सुरुवात आम्ही बी वर्गापासून केली. जागा वाचावी म्हणून त्यात शॉवर आणि कमोड एकाच कपाटात असतात. त्याला 'वेट बाथ' म्हणतात. हिनं दार उघडलं, खालची जाळी पाहिली, वरचा फवारा पाहिला आणि म्हणाली, "ही मोरी आहे. मोरीत कमोड बसवलाय." ती काय म्हणाली, असं सेल्समननं मला विचारलं. मी म्हटलं, "पारंपरिक रचना आहे, म्हणतेय." तो खूश झाला आणि त्यानं पलंगाची फळी उचलून दाखवली. खाली सामानाचा कप्पा होता. ही कल्पना किती क्रांतिकारक आहे, यावर त्याचं छोटं भाषण झालं. "आमच्या खाटेखाली तीन ट्रंका, एक पिंप आणि परीक्षेच्या दिवसांत मी असायचे," ही म्हणाली. याचं भाषांतर मी केलं नाही. त्यांच्या क्रांतीला धक्का बसला असता.

ए वर्गात मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. उंच छत, सोफा, भिंतीवर टीव्ही, टीव्हीखाली विजेवर चालणारी खोटी शेकोटी. सेल्समननं बटण दाबलं तशी घरघर करत भिंतच बाहेर सरकली आणि खोली वाड्याच्या ओसरीएवढी झाली. याला 'स्लाइड-आउट' म्हणतात. माझे डोळे भरून आले होते. ही म्हणाली, "आता आत घ्यायला सांगा." भिंत आत आली. सोफा समोरच्या ओट्याला जवळजवळ टेकला, फ्रिजचं दार अडकलं आणि मागे जायला आडवं होऊन सरकावं लागेल एवढीच वाट उरली. "म्हणजे रस्त्यात गाडी थांबवून चहा करायचा, तर आधी भिंत ढकला. आणि मला घाईची लागली तर?" सेल्समनच्या पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. त्यानं पुन्हा शेकोटी लावून दाखवली.

मग स्वयंपाकघर. ओट्यावरचा पंखा वाफ बाहेर टाकतो की आतल्या आत फिरवतो, हा हिचा पहिला प्रश्न. बाहेर टाकतो, असं त्यानं सांगितलं. ही खाली उतरली, गाडीला वळसा घालून पंखा जिथे उघडतो तिथे गेली आणि तिथली झडप बोटानं ढकलून पाहिली. झडप हलेना. प्रवासात फडफडू नये म्हणून तिला बाहेरून खटका लावलेला असतो. "म्हणजे आधी बाहेर जाऊन खटका काढायचा, मग मोहरी टाकायची," ही माझ्याकडे बघत म्हणाली. खटका कुणी काढायचा, हे तिथेच ठरलं.

गरम पाण्याची टाकी बऱ्याच गाड्यांत ६ गॅलनची असते. एवढ्यात अंघोळ कशी होणार, याची अमेरिकन माणसाला मोठी धास्ती. अंग ओलं करा, नळ बंद करा, साबण लावा, नळ सुरू करा, असे वर्गच घेतात म्हणे. हिनं मनात गुणाकार केला. ६ गॅलन म्हणजे साधारण २३ लिटर. "एक बादली आणि वर दोन-तीन तांबे," ती म्हणाली. "सणावाराला पुरेल."

गाडीच्या आत एक छोटा कागद चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. विक्रेते तो आपणहून दाखवत नाहीत, शोधावा लागतो. गाडी दिसायला कितीही अवाढव्य असली तरी हा आकडा कधी कधी फार केविलवाणा निघतो. ४० गॅलन पिण्याचं पाणी भरलं की तिथेच दीडशे किलो गेले. हिनं आकडा वाचला, पाणी वजा केलं, कणकेची पोती आणि डाळ-तांदूळ वजा केले, कुकर आणि देवाचा डबा वजा केला आणि मग माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. पुढचा हिशेब तिनं मोठ्यानं केला नाही.

आता ज्या विषयावर सगळे विक्रेते एका वाक्यात उरकून पुढे जातात, त्याकडे येतो. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात: फ्रेश, ग्रे आणि ब्लॅक. पहिलीत प्यायचं पाणी, दुसरीत भांड्याचं आणि अंघोळीचं सांडपाणी, तिसरीत काय ते रंगावरून ओळखा. ही तिसरी टाकी भरली की डंप स्टेशनवर गाडी लावायची, हातमोजे चढवायचे, जाड लवचीक पाइप जोडायचा आणि झडप ओढायची. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे सांडपाण्यानं पाइप धुऊन निघतो. क्रम चुकला तर काय होतं, याच्या कथा जुने मोटरहोमवाले रात्री शेकोटीभोवती बसून, जेवणं झाल्यावर सांगतात. वाड्यातून, चाळीतून निघून, दोन बोर्डिंग पास आणि दोन सुटकेसा घेऊन आम्ही या देशात आलो, घाम गाळला, अडीच बाथरूमचं घर घेतलं आणि आता लाखभर डॉलर मोजून आपला मैला आपणच गावोगावी नेणार. "याला प्रगती म्हणायचं का?" मी विचारलं. "चाळीत त्यासाठी रांग लावावी लागायची," ही म्हणाली. "इथे सोबत येतो. पण ते खातं तुमचं. मला विचारायचंसुद्धा नाही."

खटका माझा, खातं माझं, तेव्हा निदान रस्त्यांचा अभ्यास तरी आपण करू, म्हणून मी नकाशे उघडले. प्रोपेनचा मोठा सिलिंडर असलेल्या गाडीला बाल्टिमोर बंदराखालच्या बोगद्यांतून जाता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वे पूल होता. त्यानं इतक्या ट्रकांची आणि मोटरहोमची टपं सोलून काढली की तो जगप्रसिद्ध झाला. २०१९ साली तो आठ इंचांनी वर उचलला. तरीही गाड्या त्याला धडकतच राहिल्या. मोंटानातल्या ग्लेशियर पार्कमध्ये डोंगर ओलांडणारा जो सुंदर रस्ता आहे, त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे. म्हणजे ज्या डोंगरासाठी गाडी घ्यायची, त्याच डोंगरात ती जाणार नाही. यावर इथल्या लोकांचा उपाय म्हणजे बशीच्या मागे एक छोटी मोटार बांधून ओढत न्यायची. मुक्कामी बस उभी करायची आणि मोटारीनं फिरायचं. ए वर्गातली माझी ओसरी त्या दिवशी सुटली.

उरला सी वर्ग, तोही वापरलेला. जाहिराती बघून आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो. गाडी झकास पुसलेली, आत व्हॅनिलाचा वास. मी टायर बघत होतो. ही थेट ड्रायव्हरवरच्या पलंगावर चढली, कोपऱ्यात गेली आणि तळहातानं भिंत दाबत दाबत पुढे सरकली. एका जागी थांबली. तिथली भिंत भिजक्या खारीसारखी आत गेली. "ओल आहे," ती वरूनच म्हणाली. "इतका व्हॅनिला कशाला मारला असेल, असं मघापासून वाटतच होतं." सी वर्गाच्या त्या पुढे आलेल्या कोपऱ्यात पाणी मुरणं हे जुनं दुखणं आहे, हे मी नंतर वाचलं. हिनं ते गिरगावातल्या पावसाळ्यांत वाचलं होतं.

सिएटलच्या मुलानं दरम्यान एक्सेलशीट पाठवलं. किंमत, घसारा, विमा, डिझेल, टायर, कॅम्पग्राउंडचं भाडं, सगळं रकान्यांत मांडलेलं. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: "बाबा, एवढ्या पैशात तुम्ही दोघं चांगल्या हॉटेलांत उतरून दहा वर्षं फिराल." आकडेमोडीत खोट काढायला जागा नव्हती. हिनं फोन हातात घेतला आणि विचारलं, "पहाटे पाच वाजता आल्याचा चहा यातल्या कुठल्या रकान्यात आहे रे?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. तो शोधत असावा.

शेवटी गाडी ठरली. सी वर्ग, २४ फूट, सरकत्या भिंती नाहीत, कोपरे कोरडे, फ्रिज कधीही उघडतो. पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता येतं, त्यामुळे रात्री एकानं दुसऱ्याला ओलांडून जायला नको. तपासनीस छपरावर चढून पास करून गेला. कर्जही मंजूर झालं. आणि मग आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: मोटरहोम दारात ४८ तासांपेक्षा जास्त उभं करता येणार नाही, पुढे रोजचा दंड. मी हादरलो. ते ठेवायला गावाबाहेर महिन्याच्या भाड्यानं जागा घ्यायची, म्हणजे दुसऱ्या घराला राहायला तिसरं घर! कर सवलत तर दुसऱ्यापर्यंतच आहे.

हिनं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून ओट्यावर ठेवलं. "भाडं कशाला भरायचं? ४८ तास पुष्कळ झाले. एक दिवस कपडे, एक दिवस किराणा. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर."