हात वयला पायजे

बडनेऱ्याहून अकोल्याला अपडाऊन करणाऱ्या प्रत्येक डब्यात हे भाऊ असतातच. पास, डबा आणि लेकीची चाररेघी वही घेतल्याशिवाय ते घर सोडत नाहीत. लेक साडेतीन वर्षांची. गाडी हलली की वही उघडते. पानभर कर्सिव्हमधला ‘ए’, एकेक फुटलेल्या बोंडासारखा. भाऊ हताश होऊन वही आपल्यापुढे धरतात, ‘‘पाहा बाप्पा. हात वयलाच नाही!’’

वरणभात सांडला, हात वयला नाही. अंबादेवीचा प्रसाद डाव्या हातात घेतला, हात वयला नाही. बॉल नालीत गेला, तेही त्याच खात्यात.

एकदा मी म्हटलं, ‘‘भाऊ, या वयात मनगटाची बरीच हाडं अजून कूर्चाच असतात. कणीक मळू द्या, कागद फाडू द्या. हात त्यानंच तयार होतो.’’

‘‘मंग शायेची फी कायले भरू? कणीक घरीच हाये.’’

मी ताराबाई मोडकांना मदतीला बोलावलं. लग्नानंतर बाई अमरावतीत राहिलेल्या. 1936 मध्ये दादरला शिशुविहार, पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांची अंगणवाडी. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं.

‘‘अक्षर कसं होतं त्याईचं?’’

नव्या धोरणात पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, हेही सांगून पाहिलं. ‘‘तवर बाकीचे पोट्टे लिहून मोकये होतील,’’ भाऊ म्हणाले. मुर्तिजापूर येईस्तोवर अर्धा डबा त्यांच्या बाजूनं झाला होता. एकानं तर आपल्या पोराची वहीच काढली.

मग एक दिवस टीसी आला. भाऊंनी पास काढला आणि मागून घडी केलेली चिठ्ठी खाली पडली. मी उचलली. निळ्या खडूची एक लांब नागमोडी रेघ, दुसरं काही नाही.

‘‘हे काय?’’

भाऊ खिडकीबाहेर पाहायला लागले. ‘‘पोट्टीनं लिवलं. बोट फिरवून वाचून बी दाखवलं, डावीकडून उजवीकडे. ‘बाबा, फुगा आनजा.’ ’’

‘‘आणला?’’

‘‘आनला ना. लिवलं होतं तिनं.’’

चिठ्ठी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि जुन्याच घडीवर नीट मोडली. ‘‘पन हात वयला नाही अजून,’’ ते पुटपुटले.

पहिल्या तारखेला भाऊंनी नवा पास काढला. चिठ्ठी त्याच्याही मागे आहे.