यंदा घ्यायचाच

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पैलवान भरपूर, फुटबॉलवाले गल्लीगणिक एक संघ उभा राहील एवढे, आणि पुढारी त्याहून जास्त. कीबोर्डवाला मात्र गल्लीला एकच परवडतो. त्याला सगळे 'मास्तर' म्हणतात. खरं नाव रेशन कार्डावर असतं आणि तिथंच राहतं.

मास्तर ओळखायला सोपे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेन ड्राइव्ह. हॉटेलात टेबल दिसलं की उजव्या हाताची बोटं त्यावर चालायला लागतात आणि डावा हात कॉर्ड धरून बसतो; चहाचा कप मग तसाच निवत राहतो. रस्त्यात बेंजो पार्टी भेटली की मास्तर मान हलवतात. लोकांना वाटतं दाद देतायत. ते टेम्पो मोजत असतात. "एकशे अठ्ठावीस," असं पुटपुटतात आणि पुढं जातात. आणि आषाढ लागला की त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "यंदा घ्यायचाच."

आषाढातच का, तर आषाढात लग्न नाही, म्हणून हळद नाही, म्हणून हळदीतली गाणी नाहीत. पेठेतली माणसं त्र्यंबोलीला पाणी घालायला निघतात, पुढं पी ढबाकाचा ताफा वाजत असतो आणि मास्तर दारात मोकळ्या हातांनी उभे असतात. मे महिन्यात मिळालेले चार पैसे अजून पुरते संपलेले नसतात, गणपतीच्या सुपाऱ्या अजून आलेल्या नसतात. नवा कीबोर्ड घ्यावा की नाही, हा प्रश्न नेमका या फटीत उगवतो.

सध्याचा कीबोर्ड म्हणजे कोर्गचा पीए ६००. नवा होता तेव्हा पेठेतली पोरं त्याचा रंगीत टच स्क्रीन बघायला यायची. आता त्या स्क्रीनचा डावा कोपरा बधिर आहे, कारण हळदीच्या कार्यक्रमात हळद कुठं कुठं जाते याला हिशेब नसतो. एका वरातीत उसाचा रस सांडला, तेव्हापासून वरच्या सप्तकातला धैवत दाबला की वर येत नाही. मास्तर सगळी गाणी पांढरी एकमध्येच वाजवतात. गायकाला काळी तीन हवी की पांढरी पाच, ते ट्रान्सपोजचं बटण बघतं. त्यामुळं गाणं कुठलंही असो, वरचा धैवत कायमचा वर्ज्य झाला. देवल क्लबात बसून कान तयार झालेल्या एका जाणकारांनी मास्तरांच्या कोळीगीतात तिलंगाची छाया आहे, असं मत दिलं. मास्तरांनी ते नम्रपणे स्वीकारलं. उसाच्या रसाचं काही बोलले नाहीत.

घ्यायचं ठरलं नाही असं एकही साल गेलं नाही. २०१६ साली दिवाळीनंतर घ्यायचा होता. डब्यात पाचशेच्या नोटा मोजून ठेवल्या होत्या. ८ नोव्हेंबरच्या रात्री त्यांची रद्दी झाली आणि मास्तर दुकानाऐवजी बँकेच्या रांगेत उभे राहिले. २०१७ साली पीए ७०० आला, पण मास्तरांचं ठरेपर्यंत जीएसटीही आला. २०१९ साली यामाहानं पीएसआर-एसएक्स ७०० आणि ९०० काढले, आणि इकडं ऑगस्टात महापूर आला. मंगळवारात पाणी शिरलं नाही, पण चिखली-आंबेवाडीचे पाहुणे आले आणि कीबोर्डाचे पैसे आमटी-भातात गेले. २०२० साली लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी. त्यात कीबोर्डवाला बसवायचा तर नवऱ्याचा एक मामा कमी करावा लागे. २०२१ साली पुन्हा पूर. २०२४ साली ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते थिएटर. त्या रात्री मास्तर इतर पेठकरांसारखेच खासबागेजवळ रस्त्यावर उभे होते आणि पुढं बरेच दिवस त्यांनी कीबोर्डाचा विषय काढला नाही. त्याच वर्षी एसएक्स ७०० च्या जागी ७२० आला. पण वाजवायचं कुठं, हाच प्रश्न तेव्हा मोठा होता.

घरात या विषयावर दोन पक्ष आहेत: मास्तर आणि वहिनी. बहुमत वहिनींचं.

मास्तर इतिहासातून सुरुवात करतात. "यामाहाचा मूळपुरुष माहीत आहे का? तोराकुसू यामाहा. १८८७ साली जपानातल्या हामामात्सूच्या शाळेतली बिघडलेली पेटी दुरुस्त केली, तिथनं कंपनी सुरू झाली. म्हणजे आमच्या बाबांच्या लाइनीतलाच माणूस." बाबा भजनी मंडळात पेटी वाजवत आणि तिचे भाते स्वतः चिकटवत.

"मग तुम्ही पण धैवत दुरुस्त करा की," वहिनी म्हणतात.

मास्तर दुसरा दाखला काढतात. "याच कोल्हापुरात गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मानाची जागा मिळवून दिली. आणि तीच पेटी १९४० साली रेडिओवर बंद केली. १९७१ पर्यंत बंद! नव्या वाद्याला लोक असंच करतात. थांबावं लागतं."

"मी काय वेगळं म्हणतो? तुम्ही पण तेवढीच वर्षं थांबा."

इथं मास्तर पेन ड्राइव्हशी चाळा करत बाहेर पडतात आणि दुकानाकडे वळतात.

दुकानातल्या पोरांना ते लांबून येताना दिसतात. खुर्ची आधीच ओढलेली असते. मास्तर बसतात, हेडफोन नाकारतात, आवाज वाढवतात आणि लाखाच्या वर किंमत असलेल्या कीबोर्डवर एक कहरवा लावतात. अरेंजर कीबोर्डाचं काम तसं सरळ असतं. उजव्या हातानं गाण्याचा सूर वाजवायचा, डाव्या हातानं कॉर्ड धरायची. कॉर्ड बदलली की आतला बेस, आतली गिटार, आतली व्हायोलिनं मुकाट्यानं तिच्यामागं वळतात, आणि ठेका अखंड चालू राहतो. सुरुवातीला इंट्रो, मधे चार व्हेरिएशन, वळणावर फिल-इन, शेवटी एंडिंग. एकेका बटणामागं एकेक वादक बसलेला. तो उशिरा येत नाही, मानधनावरून अडत नाही आणि जेवणाच्या पंगतीत मटण संपलं म्हणून रुसत नाही. मास्तर तासभर वाजवतात. गिऱ्हाइकं थबकतात, एखादं पोरगं आईकडं हट्ट धरून तिथला छोटा कीबोर्ड घेऊन जातं. दुकानदार त्यांना कधी उठवत नाही. हा माणूस कीबोर्ड घेत नाही, पण विकतो चांगले, हे त्याच्या केव्हाच लक्षात आलंय.

मास्तरांच्या धंद्याचा सगळा इतिहास त्यांच्या वाहनांत सापडतो. नव्वदच्या सुमाराला ऑर्केस्ट्रा म्हणजे मॅटाडोरभर माणसं असत. ढोलकी, तबला, कोंगो, ड्रम, बेस गिटार, लीड गिटार, अकॉर्डियन, बासरी, दोन गायक, एक गायिका, शायरी करणारा निवेदक, आणि कुठल्याच वाद्याशी संबंध नसलेले पण जेवणाला हजर असलेले दोघं-तिघं. मग ऑक्टोपॅड आला. ढोलकी आणि कोंगो त्यात गेले आणि मॅटाडोरची ओम्नी झाली. पुढं कीबोर्ड शहाणा झाला. त्यानं बेस, गिटार, अकॉर्डियन, बासरी सगळं पोटात घेतलं आणि ओम्नीची रिक्षा झाली. पीए ६०० आल्यावर ऑक्टोपॅडवालाही घरी बसला. मास्तर, गायिका आणि कीबोर्ड एवढेच उरले. मग गायिकेचं लग्न इचलकरंजीला झालं. हल्ली मास्तर ॲक्टिव्हावर जातात, मीटरभर लांब कीबोर्ड पुढं उभा धरून, मिरजकर तिकटीच्या ट्रॅफिकमधून मान तिरकी काढत. आणि आता कराओके. निवृत्त बँक मॅनेजर मोबाइलला ब्लूटूथ जोडून हिरोच्या आवाजात गातो. त्याला वाहनही लागत नाही, चालत येतो.

गंमत अशी, की नवा कीबोर्ड घ्यावा का, हे मास्तर विचारतात ते याच घरी बसलेल्या माणसांना. बेसवाला आता विमा विकतो. त्यानं कीबोर्डाऐवजी पॉलिसी सुचवली. अकॉर्डियनवाल्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मास्तर रोज रात्री कीबोर्डांच्या तुलनेचा तक्ता काढून बसतात, त्याच्या दोन-दोन प्रती तो फुकट काढून देतो. ढोलकीवाला पाण्याच्या खजिन्याजवळ चहाच्या टपरीवर भेटतो. त्याचं मत सगळ्यात थोडक्यात होतं. "घ्या की मास्तर. दर कीबोर्डाला आमच्यातला एक कमी झाला. आता तुम्हीच उरलाय. ह्या वेळी कुणाचा नंबर, तेवढं बघून घ्या."

मास्तर हसले, पण त्या रात्री त्यांनी तुलनेचा तक्ता काढला नाही.

खरी अडचण मात्र हलगीनं केली. जपानी कीबोर्डात ढोलक असतो, तबला असतो, पण हळदीत अंगात येईल अशी कोल्हापुरी हलगी त्यात कशी असणार? म्हणून मास्तरांनी फार पूर्वी एक युक्ती केली होती. पी ढबाकातल्या एका हलगीवाल्याला दुपारी घरी बोलावलं, मोबाइलवर त्याचे एकेक ठोके रेकॉर्ड करून घेतले आणि पीए ६०० मध्ये सॅम्पल म्हणून भरले. त्या दुपारचं मानधन एक कटवडा आणि अर्धा कप चहा. तेव्हापासून मास्तरांच्या प्रत्येक हळदीत ती हलगी कडाडते. तिच्याशिवाय मास्तरांना कुणी बोलावणारही नाही.

आता मास्तरांचं मन यामाहावर बसलं होतं. पण कोर्गचा सेट यामाहाला कळत नाही, आणि मूळ रेकॉर्डिंग ज्या मोबाइलमध्ये होतं तो सेल्फी काढताना रंकाळ्यात गेला. म्हणजे हलगी पुन्हा रेकॉर्ड करणं आलं. मास्तर दोन कटवडे पुडीत बांधून हलगीवाल्याच्या दारात गेले.

हलगीवाल्यानं पुडी बघितली आणि बाजूला ठेवली. "मास्तर, मागल्या टायमाला एका वड्यात मला डब्यात घातलासा. तवापास्नं साऱ्या पेठंत माझी हलगी वाजती, आनि मी हितं पायरीवर बसून ऐकतो. आता वडा न्हाई. एका हळदीमागं पाचशे."

"अरं, एकदा रेकॉर्ड केलं की झालं. दर वेळी कसले पैसे?"

"दर वेळी वाजती न्हवं?"

या मुद्द्याला उत्तर नव्हतं. मास्तरांनी तिथंच मोबाइलवर हिशेब मांडला. सीझनमधल्या हळदी गुणिले पाचशे, अधिक कीबोर्डाचा हप्ता. आकडा बघून ते चिडले. "ह्या पैशात तूच आलास तरी परवडंल!"

"येतो की," हलगीवाला म्हणाला, आणि मग एक कटवडा खाल्ला.

आषाढ-श्रावण सरला, गणपती झाले, तुळशीचं लग्न लागलं. बेलबागेतल्या पहिल्याच हळदीत मास्तर जुन्या कीबोर्डावर बसले आणि शेजारी हलगीवाला उभा राहिला. पहिल्या ठोक्याला मांडवातल्या म्हाताऱ्या उठल्या. दुसऱ्या गाण्याला नवरदेवाचा बाप, जो कधी हसल्याचं गल्लीला आठवत नाही, तो टॉवेल फिरवू लागला. मास्तरांनी आतला रिदम बंद केला, डाव्या हातानं नुसती कॉर्ड धरली. रंगाच्या भरात वरचा धैवतही दाबला गेला आणि तो तसाच खाली अडकून किंचाळत राहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. कार्यक्रम संपल्यावर नवरदेवाचा चुलता मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मास्तर, नवीन कीबोर्ड घेतलासा वाटतं? आवाज लई भारी यायलाय!"

मास्तरांनी त्याला दुरुस्त केलं नाही. हलगीवाल्यानंही नाही, त्याच्या तोंडात वडा होता.

बातमी पेठेत फिरायला रात्र पुरली. सकाळी ढोलकीवाल्यानं माळ्यावरची ढोलकी उतरवून शाई बघायला दिली. अकॉर्डियनवाल्यानं झेरॉक्सच्या दुकानात तक्त्याच्या प्रती काढायच्या थांबवल्या आणि पुढच्या सुपारीची तारीख विचारली. विमेवाला बेस गिटारच्या तारांचा भाव काढतोय असं कळतं. नवी अडचण एवढीच, की मास्तर, मीटरभर कीबोर्ड आणि हलगीवाला ॲक्टिव्हावर कसेबसे मावतात. ढोलकी मावत नाही. मास्तरांनी आता दुकानाकडं जाणं सोडलंय. ते गाड्यांच्या शोरूमबाहेर दिसतात. ओम्नी २०१९ सालीच बंद झाली, तेव्हा सेकंडहँड ओम्नी बघावी की ईको घ्यावी, पेट्रोल परवडेल की सीएनजी, यावर त्यांनी नवा तक्ता मांडलाय. शोरूमवाल्या पोरानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढायला सुरुवातही केली आहे.

त्या तक्त्यावर वहिनींनी रात्री भाकरी थापता थापता नजर टाकली. हप्ता वाचला, व्याज वाचलं, मास्तरांकडं बघितलं.

"मागं कीबोर्ड बसतोय न्हवं? मग पाचाची कशाला, सहाजणांची बघा. ती इचलकरंजीची पोरगी पण परवा फोन करून विचारत होती."